डॉ. कमलाबाई सोहोनी आणि आहारविद्या

हिवाळ्यात खडकीच्या बाजारात पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात. पावटा नीट शिजवूनच खावा, हे आमच्या विद्यार्थ्यांच्या आजीबाईंस पूर्वापार ठाऊक आहे. त्याचे एक कारण असे की, कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिन या पाचक द्रव्यास अडविणारा एक पदार्थ असतो. तो असेपर्यंत प्रथिने पोटात जाऊनही पुरती अंगी लागत नाहीत. चांगली उष्णता लागली म्हणजे तो बहुतांशी निकामी होतो. पावट्यातील हा पदार्थ १९५५ साली स्फटिकरूपाने वेगळा करून दाखविणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी होत.

या मूळच्या भागवत. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या अजमाइशीवर प्रवेश मिळाला. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास त्यांनी तेथेच केला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करून १९३९ साली डॉक्टरेट मिळविली.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. येथे आम्हास थोडे थांबावेसे वाटते. वैद्यकाच्या विद्यार्थिनीस औषधाची मात्रा पाठ हवी हे खरेच. परंतु समोरचा रोगी रोज काय जेवतो, हे विचारण्याची बुद्धी तिला कोणत्या पाठातून यावी? तो पाठ जीवरसायनाचाच, असे आमचे मत आहे. त्यानंतर कमलाबाई कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या, आणि १९४७ साली विवाहानंतर मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत त्यांनी अध्यापन केले.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. नीरा म्हणजे ताड-शिंदीचा न आंबलेला रस. तीत क जीवनसत्त्व व लोह आढळले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रिया यांस ती दिल्यावर प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

निवृत्तीनंतरही त्या ग्राहकांच्या संघटनेत राबल्या. अन्नातील भेसळ गृहिणींनी घरच्या घरी कशी ओळखावी, हे शिकवीत राहिल्या. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीस त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या, व लवकरच त्यांचे देहावसान झाले.