लेदर जॅकेटच्या आत काय घालावं? : मोटारसायकलने शाळेत जाणाऱ्यांसाठी कपड्यांचा एक पाठ



आजचा विषय वाचून काहींना हसू येईल. प्राथमिक शाळेचा मास्तर लेदर जॅकेटवर काय लिहिणार? पण आपल्यापैकी कितीतरी जण रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवून शाळेत पोहोचतात. मीही त्यातलाच. नाशिकहून पेठ रस्त्याने माझी शाळा ३८ किलोमीटर. पावसाळ्यात धो धो पाऊस, डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटं वाकत नाहीत अशी थंडी आणि एप्रिल-मेमध्ये परतताना तोंडावर झळा.

चार वर्षांपूर्वी मी मुंबईला धारावीत जाऊन एक जाड लेदर जॅकेट घेतलं. कोपर, खांदे आणि पाठीचे संरक्षक पॅड वेगळे घेऊन त्यात बसवून घेतले. पुढे लेदर पँटही घेतली. खर्च बराच झाला, पण रस्ता पाहता तो मला योग्य वाटला.

आत काय घालायचं याचा मात्र विचारच केला नाही. नेहमीचा सुती बनियन, त्यावर शाळेचा शर्ट, खाली जीन्स आणि त्यावर लेदर. शाळेत पोहोचेपर्यंत बनियन पिळून काढावा इतका ओला. काखेत आणि मांड्यांना घासून लाल चट्टे. जीन्सची जाड शिवण बसल्या जागी रुतायची. मग हळूहळू सवय लागली, 'आज राहू दे, उद्या घालू.'

अशाच एका 'राहू दे'च्या दिवशी वळणावर पसरलेल्या खडीवर गाडी घसरली. वेग फार नव्हता. हाड मोडलं नाही, पण उजव्या कोपराची साल निघाली आणि तीन आठवडे फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं. जॅकेट घरी खुंटीला होतं.

मुलांनी विचारलं, "सर, तुमचं जॅकेट कुठं व्हतं?" मी काही बोलायच्या आत चौथीतली एक मुलगी म्हणाली, "टोचत असंल, म्हणून काढलं असंल. माझा स्वेटर पण टोचतो. मी दप्तरातच ठेवते."

ती रोज वडिलांच्या गाडीवर, पुढे टाकीवर बसून येते. ओठ निळे, हात खिशात. मला वाटायचं, घरी स्वेटर नसेल. स्वेटर होता, पण तो दप्तरात होता.

त्या दिवशी मला जे कळलं ते एका वाक्यात सांगतो. संरक्षण देणारं कपडं अंगावर राहील की खुंटीवर, हे त्याच्या आतलं कपडं ठरवतं. म्हणूनच हा पाठ.

१. आधी थोडं विज्ञान

घाम आला की लगेच अंग थंड होत नाही. घाम *वाळला* की होतं. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. माठातलं पाणी याच कारणाने गार होतं. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाळतं आणि आतलं गार होतं. स्टीलच्या कळशीला छिद्रं नाहीत, म्हणून तिच्यातलं पाणी तसं गार होत नाही.

छिद्रं नसलेलं लेदर हे त्या कळशीसारखं. वारा आत येत नाही आणि वाफ बाहेर जात नाही. गाडीवरून पडल्यावर डांबराचं घासणं सोसावं म्हणून ते जाड असतं. शर्यतीच्या सूटचं गाईचं कातडं साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचं असतं. तेच जाड कातडं आतला घामही कोंडून ठेवतं.

शर्यतीचे खेळाडूही यातून सुटत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटो-जीपी शर्यत झाली. उकाड्यामुळे मुख्य शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ केल्या होत्या. तरीही दुसरा आलेला खोर्खे मार्टिन शर्यतीनंतर उष्णतेने गळून गेला. सरावलेल्या खेळाडूची ही गत, तर आपण काळजी घ्यायलाच हवी.

आता धाग्यांकडे येऊ. नेहमीच्या हवेत ठेवलेला १०० ग्रॅम कोरडा कापूस हवेतली साधारण ८ ग्रॅम ओल धरतो. लोकर १५ ग्रॅमच्या आसपास धरते. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. म्हणजे सुती बनियन घाम पितो आणि धरून बसतो. चांगल्या विणीचा खेळाचा पॉलिस्टर टी-शर्ट घाम पीत नाही, तो धाग्यांमधल्या फटींतून पसरवतो. पसरलेला घाम लवकर वाळतो.

२. वर्गात करायचे दोन उपक्रम

हा भाग तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात 'कपडे', 'हवा', 'पाणी' अशा घटकांबरोबर सहज घेता येतो.

*उपक्रम अ : कोण आधी वाळतं?*

साहित्य : जुना सुती बनियन, जुना खेळाचा टी-शर्ट आणि जुना लोकरी स्वेटर यांचे सारख्या मापाचे तुकडे, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण, दोरी, चिमटे.

कृती : प्रत्येक तुकड्यावर दोन झाकणं पाणी टाका. सावलीत दोरीला लावा. दर दहा मिनिटांनी मुलांनी हाताच्या पाठीने स्पर्श करून वहीत नोंद करायची.

निरीक्षण : आमच्या वर्गात पॉलिस्टर आधी वाळलं, नंतर सुती आणि शेवटी लोकर. पण एका मुलाने बरोबर टिपलं, "सर, लोकर वली हाय, पण हाताला गार लागंना." धनगर बांधव पावसात घोंगडी का घेतात, याचं उत्तर त्याला पुस्तकाशिवाय मिळालं.

*उपक्रम ब : पिशवीतला हात*

कृती : एक हात उघडाच पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. दुसऱ्या हातात आधी पातळ मोजा, मग त्यावर पिशवी. मनगटाशी सैल धरायचं. दहा मिनिटं थांबून दोन्ही हात बाहेर काढायचे.

निरीक्षण : उघडा हात चिकट आणि पिशवी त्वचेला चिकटलेली. मोज्यातल्या हाताला घाम तेवढाच, पण चिकटपणा कमी आणि पिशवी सहज निघते.

निष्कर्ष : पिशवी म्हणजे लेदर, मोजा म्हणजे आतला थर. आतला थर घाम थांबवत नाही. तो त्वचा आणि कातडं यांच्यामध्ये राहून घासणं थांबवतो.

(महत्त्वाची सूचना : पिशवी फक्त हातावर. तोंडाजवळ किंवा डोक्यात कुणीही घालायची नाही, हे आधी बजावून सांगा. उपक्रम झाल्यावर पिशव्या मोजून परत घ्या.)

३. मग आत घालायचं काय?

*वरचं अंग :* पूर्ण बाह्यांचा, अंगाला बेताचा बसणारा, पातळ खेळाचा टी-शर्ट. सैल नको, कारण सैल कपड्याच्या चुण्या पडतात आणि तासाभरात चुणी सुरीसारखी टोचते. बाह्या पूर्ण हव्यात, नाहीतर कोपराला लेदर चिकटतं आणि जॅकेट काढताना ओढाताण होते. शाळेचा शर्ट घडी करून पिशवीत ठेवा आणि शाळेत बदला. मला यासाठी चार मिनिटं लागतात.

*खालचं अंग :* लेदर पँटच्या आत जीन्स अजिबात नको. घोट्यापर्यंतची पातळ, ताणणारी पँट घ्या. खेळाच्या दुकानात ती मिळते. अंतर्वस्त्राबद्दल आपण लाजतो, पण निम्मा त्रास तिथलाच. शिवण बसण्याच्या जागी येणार नाही आणि इलॅस्टिक जांघेत रुतणार नाही, असं लांब पायांचं घ्या. मागच्या खिशात पाकीट ठेवू नका.

*शिवण तपासा :* कपडा उलटा करून शिवणीवर बोट फिरवा. चपटी शिवण चालते, उभी राहिलेली नाही. मानेमागचं लेबल कापून टाका.

*मोजे :* बुटाच्या वरच्या कडेपेक्षा उंच. एकच जोडी. दोन जोड्या घालून बूट घट्ट झाला तर रक्ताभिसरण कमी होतं आणि पाय उलट जास्त गार पडतात.

*मान :* शिवलेली गोल गळपट्टी किंवा आत खोचलेला रुमाल. शिक्षिका भगिनींना विशेष विनंती, ओढणीची आणि मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचा, मग चेन लावा. मोकळं टोक चाकात जाऊन जिवावरचे अपघात झाले आहेत.

*एक इशारा :* पॉलिस्टरचा टी-शर्ट लेदरच्या *आत* चांगला. नुसता पॉलिस्टर घालून रस्त्यावर घसरलं तर घर्षणाच्या उष्णतेने तो वितळून त्वचेला चिकटू शकतो. आतल्या थराने बाहेरच्या थराचं काम होत नाही.

४. ऋतूप्रमाणे बदल

*हिवाळा :* हवेचं तापमान १० अंश असताना ६० च्या वेगाने गेलं तर उघड्या चेहऱ्याला ते साधारण ५ अंशांइतकं गार लागतं. अशा वेळी एक जाड स्वेटर नको, दोन पातळ थर घाला. दोन थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते. जाड स्वेटरने जॅकेट फुगतं आणि कोपराचा पॅड कोपरावरून सरकतो, मग तो असून नसल्यासारखा. सगळं घालून चेन लावा आणि गाडीच्या मुठी धरल्यासारखे हात पुढे करा. पॅड जागेवर हवेत, छातीवर आवळ नको आणि खोल श्वास घेता यायला हवा. अगदीच अडलं तर जुन्या सायकलस्वारांची युक्ती करा. वर्तमानपत्राची घडी छातीवर, जॅकेटच्या आत. वारा अडतो.

*उन्हाळा :* जाळीचं किंवा छिद्रं असलेलं जॅकेट असेल तर आतला टी-शर्ट ओला करून पिळून घाला. अंगाचा माठ होतो. छिद्रं नसलेल्या लेदरमध्ये मात्र हे करू नका, वाफ बाहेर पडत नाही आणि अंग उकडून निघतं. निघण्याआधी पाणी प्या. डोकं दुखू लागलं, गरगरलं किंवा मळमळलं तर लगेच सावलीत थांबा आणि जॅकेट उघडा.

*पावसाळा :* लेदर पाणी पितं आणि जड होतं. त्यावरून रेनकोट हवाच. आतल्या थराचा एक कोरडा जोड पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. भिजलेलं लेदर सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ते कडक होऊन तडकतं.

*धुणं :* लेदर रोज धुता येत नाही, आतला थर येतो. घाम आणि मीठ तोच झेलतो, म्हणून लेदर टिकतं. दोन जोड ठेवा आणि रोज धुवा. कपडे मऊ करणारं द्रावण खेळाच्या कपड्यांना वापरू नका, धाग्यांतल्या फटी बुजतात.

५. आता मुलांकडे वळू

त्या मुलीच्या स्वेटरचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड लोकरीचं टोक त्वचेवर वाकत नाही, टोचतं. मेरिनोसारखी लोकर बारीक असल्याने टोचत नाही, पण ती महाग. घोंगडीची लोकर जाड असते, म्हणून धनगर ती उघड्या अंगाला नाही, कपड्यांवरून घेतात. त्या मुलीच्या गणवेशाच्या आत काहीच नव्हतं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्यावर थेट स्वेटर. बाह्या आणि मान टोचत होती. मी तिच्या वडिलांना गेटवर थांबवून म्हटलं, "भाऊ, नवा स्वेटर घेऊ नका. आत पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा घाला." त्यांनी मोठ्या भावाचा सदरा घातला. बाह्या लांब होत्या, दुमडल्या. दुसऱ्या दिवसापासून स्वेटर अंगावर आला. आठवड्याने ते स्वतःहून म्हणाले, "सर, आता मागं बसवतो तिला. पुढं वारा लई लागतो."

चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, हेही त्यांना सांगितलं. पहिल्यांदा घातलं तेव्हा तीच तक्रार, "टोचतंय." केसांचा चाप रुतत होता. चाप काढला, वेणी खाली बांधली.

पालकांसाठी व शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. मुलाचा स्वेटर, रेनकोट आणि हेल्मेट आतून हाताने चाचपून पाहा.

२. "का घालत नाहीस?" असं रागावण्याऐवजी "कुठं टोचतंय?" असं विचारा. मुलं बोट ठेवून दाखवतात.

३. आपल्या घरी खुंटीला लटकलेलं, घालायला हवं पण घालत नाही असं काय आहे? त्याच्या आत काय घालता ते तपासा.

माझं जॅकेट आता खुंटीवर फक्त रात्री असतं. आतला काळा टी-शर्ट रोज दोरीवर वाळतो. मुलांनी त्याला 'सरांचा मोजा' असं नाव ठेवलं आहे.

हे दोन उपक्रम वर्गात घेतले तर मुलांनी काय नोंदी केल्या ते जरूर कळवा.