‘आय ॲम वीकनेस’ की ‘आय ॲम वीक’?



या वेळच्या इंग्रजीच्या पाठात आपल्या मनाला, अंगाला काय होतंय ते कसं सांगायचं, हे बघू.

आपल्यातल्या कितीतरी जणी, नाहीतर त्यांच्या लेकी-सुना, अंधेरीच्या ऑफिसांत हाउसकीपिंगला आणि मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत घरकामाला आहेत. सुट्टी हवी असली की सुपरवायझरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकायचा, तोही बऱ्याचदा इंग्रजीत. मग ‘आय ॲम वीकनेस’, ‘आय ॲम टेन्शन’ असं लिहिलं जातं. कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकतं. पुढच्या वेळी ताई कारण लिहीतच नाही, नुसतं ‘लीव्ह प्लीज’. आणि कारण नाही म्हणून खाडा लागतो.

ही चूक अडाणीपणाची नाही, ती आपल्या मराठीतून येते. आपण म्हणतो, मला राग आला, भूक लागली, भीती वाटते. राग, भूक, भीती ही सगळी नामं. राग पाहुण्यासारखा आपल्याकडे येतो. इंग्रजीत मात्र पाहुणा नाही, माणूसच तसा झालेला असतो. म्हणून तिथे विशेषण लागतं. राग म्हणजे ‘अँगर’, पण मला राग आलाय म्हणजे ‘आय ॲम अँग्री’. भूक ‘हंगर’, मला भूक लागली ‘आय ॲम हंग्री’. ‘आय ॲम हंगर’ म्हटलं तर ‘मी भूक आहे’ असा अर्थ होतो!

शाळेत नाम-विशेषण पाठ करून घेतलं, पण राग आल्यावर काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नाही. त्यात पस्तिशीच्या पुढच्या बहुतेकींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली.

ओळखायचं कसं? ‘आय ॲम व्हेरी हॅपी’ हे सगळ्यांना येतं. त्यातला ‘हॅपी’ काढा आणि आपला शब्द बसवून बघा. ‘व्हेरी वीक’ बसतं, ‘व्हेरी वीकनेस’ बसत नाही. शेवटी ‘नेस’ किंवा ‘शन’ ऐकू आलं की बहुतेक वेळा ते नाम असतं: वीकनेस, टेन्शन, डिप्रेशन, कन्फ्यूजन. हे शब्द आपण मराठीत रोज वापरतो, म्हणून तेच पटकन तोंडात येतात. ‘आय ॲम’च्या पुढे वीक, टेन्स, डिप्रेस्ड, कन्फ्यूज्ड म्हणायचं. चक्कर येत असेल तर ‘आय फील डिझी’.

आजाराचं मात्र उलटं आहे. ताप, दुखणं, बीपी यांना नामच लागतं, पण ‘ॲम’ नाही, ‘हॅव’. ‘आय हॅव फीवर’, ‘आय हॅव बॅक पेन’. ‘सिक’ विशेषण आहे, म्हणून ‘आय ॲम सिक टुडे’ बरोबर. सुट्टीच्या मेसेजला एवढंही पुरतं.

अजून एक गंमत. ‘आय ॲम बोरिंग’ म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्यांना कंटाळा येतो! आपल्याला कंटाळा आलाय तर ‘आय ॲम बोअर्ड’. तसंच काम ‘टायरिंग’, आणि ते करून आपण ‘टायर्ड’.

एक सांगते, दवाखान्यात इंग्रजीचा हट्ट नको. घाटकोपरच्या राजावाडीत किंवा बोरिवलीच्या भगवतीत मराठीत बिनधास्त बोला. कुठे दुखतंय, कधीपासून, हे आपल्या भाषेतच नीट सांगता येतं. डॉक्टरना कळलं नाही तर नर्सताईंना सांगा.

आता वहीत लिहून बघा:
मला तहान लागली आहे.
मला लोकलच्या प्रवासाचा कंटाळा आलाय.
मला मुलीच्या निकालाचं टेन्शन आलंय.
मला बीपी आहे.

पुढच्या बैठकीत वही घेऊन या, एकमेकींचं तपासू. शेवटचं वाक्य जरा फसवं आहे.