वाटेंत थांबणारा प्रभु

शास्त्रपाठ : मार्क ५:२१-४३



ह्या पाठांत प्रभु येशू अत्यंत निकडीच्या कामास निघाला आहे. सभास्थानाचा अधिकारी याईर ह्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारीं आहे, आणि बापानें प्रभूच्या पायां पडून विनंती केली आहे. अशा वेळीं कोण वाटेंत थांबेल? परंतु प्रभु थांबला. आणि तोहि अशा एका स्त्रीसाठीं कीं, जिचें नांवहि शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. तो कां थांबला, हें आज आपण पाहूं.

१. ती स्त्री. बारा वर्षें तिला रक्तस्राव होत होता. वैद्यांपायीं तिनें आपलें होतें नव्हतें तें सर्व खर्चिलें, तरी दुखणें वाढतच गेलें. शिवाय लेवीय १५ ह्या अध्यायांतील नियमाप्रमाणें ती अशुद्ध गणली जाई; तिच्या अंथरुणास जो शिवे, तोहि संध्याकाळपर्यंत अशुद्ध राही. याईराच्या घरीं मुलगी जितकीं वर्षें लाडांत वाढली, तितकींच वर्षें ही बाई माणसांपासून दूर राहिली. विटाळ म्हणजे काय, हें आपल्या खेड्यांतील पुष्कळ मंडळ्यांना पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं; त्यांच्या वाडवडिलांनीं तो सोसला आहे. म्हणूनच ती मागून, गर्दींतून, चोरून आली.

२. प्रभूचें देणें. वस्त्रास शिवतांच ती बरी झाली. केवळ आरोग्यच द्यावयाचें असतें, तर प्रभूला थांबण्याचें कारण नव्हतें. तरी त्यानें मागें वळून विचारपूस केली. शिष्यांना तें विचित्र वाटलें, कारण सगळी गर्दीच त्याला चेंगरीत होती. शेवटीं ती कांपत पुढें आली आणि तिनें सर्व खरी हकीकत सांगितली. बारा वर्षांचें दुःख एका शब्दांत संपत नाहीं. प्रभूनें तें ऐकून घेतलें, आणि तिला आपली मुलगी म्हणून संबोधिलें. चोरून आलेली स्त्री सर्वांदेखत उजळ माथ्यानें गेली. आरोग्य तिला क्षणांत मिळालें. हा मान देण्यास वेळ द्यावा लागला.

३. याईराचें काय? इतक्यांत मुलगी मेल्याची बातमी आली. त्या बापाच्या मनांत काय आलें असेल! एकाला वेळ दिला म्हणजे दुसऱ्यास वाट पाहावी लागते, ही अडचण खरी आहे; शास्त्र ती लपवीत नाहीं. परंतु प्रभूनें याईरालाहि टाकिलें नाहीं. त्यानें त्याला लागलाच धीर दिला, तो त्याच्या घरापर्यंत चालत गेला, आणि मुलीला हातीं धरून त्यानें उठविलें. सर्व लोक आश्चर्यानें थक्क झाले असतां, तिला कांहीं खावयास द्यावें हें प्रभूच्याच ध्यानांत आलें.

४. आपल्या देशांतील उदाहरण. पंडिता रमाबाई पुण्यास शारदासदन चालवीत होत्या. तें उच्च वर्णाच्या विधवांसाठीं होतें, आणि तेवढें काम त्यांना पुरेसें होतें. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनाचा विस्तार ह्यांतूनच झाला. योजिलेल्या कामाच्या वाटेंत जें दुःख आडवें आलें, तेंच त्यांच्या सेवेचें मोठें क्षेत्र झालें.

५. आपण काय करावें? उपदेशक बंधूंनो, आपणांस अनेक गांवें फिरावयाचीं असतात. म्हातारी विधवा दूर गेलेल्या मुलाचें दुःख सांगूं लागते, आणि आपण घाईनें प्रार्थना आटोपून उठतों. अशी प्रार्थना निघून जाण्याची एक युक्ति होऊन बसते! त्या घरीं बसणें ही सेवेंतील अडचण नव्हे. ती सेवाच आहे. आणि हें काम केवळ उपदेशकांचें नव्हे. दिवसभर खुरपणी करून आलेल्या भगिनीजवळ वेळ थोडा असतो. म्हणूनच शेजारणीच्या आजारांत तिनें दिलेली अर्धी घटका विधवेच्या दोन टोल्यांसारखी मोलाची आहे.

ह्या आठवड्यांत एका दुःखिताच्या घरीं जावें. आधीं बसावें, मग विचारावें, आणि शेवटपर्यंत ऐकावें. घरांत चूल पेटली आहे कीं नाहीं हें पाहावें. तेथें ऐकलेली गोष्ट चावडीवर सांगूं नये.

विचारासाठीं प्रश्न

१. ती स्त्री बरी झाल्यावरहि प्रभु कां थांबला?
२. वाट पाहणाऱ्या याईरापासून आपण काय शिकतों?
३. आपल्या मंडळींत कोणाची हकीकत अजून कोणीं ऐकलेली नाहीं?