रिसीव्हर व्हायचंय? मग आधी कॉलेज नीट निवडा

मार्च २०२५ मध्ये सिनसिनाटी बेंगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाने जमार चेस या वाइड रिसीव्हरशी चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. त्याच्या आदल्या वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्जने जस्टिन जेफरसनशी १४ कोटी डॉलरचा करार केला होता. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू बचावपटूला चुकवून झेलायचा, हे यांचे काम. न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये शाळेत शिकणाऱ्या, पायात वेग असलेल्या मराठी मुलाने हे आकडे ऐकून घरी विषय काढला, तर आईवडिलांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. पण ‘खेळू नकोस’ आणि ‘होऊ दे स्टार’ या दोन्ही उत्तरांत मूळ प्रश्न बाजूला पडतो. माझे म्हणणे असे की, अमेरिकन फुटबॉलमधल्या रिसीव्हरच्या वाटेवर भरवशाची कमाई एकच आहे, ती म्हणजे चांगल्या विद्यापीठाची पदवी. एनएफएल ही व्यावसायिक लीग लाभली तर ती वरकमाई समजावी आणि प्रत्येक निर्णय याच क्रमाने घ्यावा.

आधी गणित पाहू. अमेरिकेत शाळेच्या संघांतून सुमारे दहा लाख मुले हा खेळ खेळतात. कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या कॉलेजांपर्यंत त्यांतली पाऊण लाखाच्या आसपास पोचतात आणि ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल संघांच्या वार्षिक निवडीला, पात्र ठरलेल्या कॉलेज खेळाडूंपैकी शंभरात दोनही व्यावसायिक होत नाहीत. एनएफएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकात ५३ खेळाडू, त्यांत रिसीव्हर पाच किंवा सहा. म्हणजे देशभरात या कामाच्या दोनशेच्या आत जागा, आणि त्याही वर्षानुवर्षे त्याच माणसाकडे राहत नाहीत. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने एनएफएलमधली सरासरी कारकीर्द साधारण ३.३ वर्षांची असते. लीगला हा आकडा मान्य नाही. पहिल्याच हंगामात संघात पक्के झालेल्यांची सरासरी सहा वर्षांच्या आसपास जाते, असे लीग सांगते. शाळा संपल्यावर किमान तीन वर्षे ड्राफ्टमध्ये जाता येत नाही. म्हणून दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे मानले तरी एकविशी-बाविशीत सुरू झालेली नोकरी बहुतेकांच्या बाबतीत तिशीच्या आत संपते, आणि पुढे चाळीस वर्षांचे कामकाजी आयुष्य शिल्लक असते.

‘तीन वर्षांत जन्माची कमाई होते की,’ असे यावर हमखास म्हटले जाते. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होते, हे खरे. पण हे पूर्ण पैसे वर्षभर संघात टिकणाऱ्यालाच मिळतात. हंगामाच्या तोंडावर संघाने नाव कापले की पुढचा पगार थांबतो, कारण एनएफएलच्या करारांत हमी असलेली रक्कम आणि जाहीर झालेली रक्कम यांत मोठी तफावत असते. खुद्द चेसच्या करारातही हमी ११ कोटी २० लाखांचीच आहे. ड्राफ्टच्या खालच्या फेरीत निवडलेल्या मुलाला ती नाममात्र मिळते. त्यातून कर आणि एजंटचे पैसे वजा होतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत १५.७ टक्के एनएफएल खेळाडूंनी दिवाळखोरीचा अर्ज केल्याचे दिसले. लक्ष देण्याजोगी गोष्ट ही की, कारकीर्द किती लांबली आणि किती कमावले, याने हे प्रमाण फारसे बदलत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन डगरींवर हात ठेवणारा कुठलाच होत नाही, शिखरावर जायचे तर सर्वस्व पणाला लावावे लागते, असे प्रशिक्षकही सांगतात. रिसीव्हरच्या कामाकडे नीट पाहिले की हा आक्षेप ढिला पडतो. फक्त पळणे पुरत असते तर २०१७ च्या निवड चाचणीत ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावून तेव्हाचा विक्रम करणारा जॉन रॉस मोठा रिसीव्हर झाला असता. ड्राफ्टमध्ये तो नवव्या क्रमांकावर गेला आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. उलट २२,८९५ यार्डांचा आजही अबाधित असलेला विक्रम करणारा जेरी राइस त्याच्या काळातही वेगवानांत गणला जात नव्हता आणि मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या लहान कॉलेजातून आला होता. समोरच्या बचावाची रचना चेंडू सुटण्याआधी ओळखायची, त्यानुसार धावण्याचा मार्ग ऐन वेळी बदलायचा, आणि क्वार्टरबॅकही तोच बदल मनात करतो आहे यावर भरवसा ठेवायचा. जाडजूड प्लेबुक दर आठवड्याला नव्याने घोकायचे. हा अभ्यासच आहे, आणि अभ्यासाची सवय असलेल्याला तो जमतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या आयव्ही लीगमधून आलेला जस्टिन वॉटसन पाचव्या फेरीत निवडला गेला आणि दोन वेगवेगळ्या संघांकडून सुपर बोल विजेता ठरला. ओहायो स्टेटचा अँथनी गोन्झालेझ पहिल्या फेरीत इंडियानापोलिसकडे गेला, पण दुखापतींमुळे पाच वर्षांत थांबला. पुढे त्याने स्टॅनफर्डमधून एमबीए केले आणि २०१८ मध्ये तो अमेरिकी काँग्रेसवर निवडून आला. दुखापत झाली त्या दिवशी शिक्षणाचा पाया तयार होता, म्हणून हे घडले.

आता काळ बदलला, असेही म्हणता येईल. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडू आपल्या नावावर जाहिराती करू शकतात आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. पण याच बदलाने दरवर्षी कॉलेज बदलण्याची चटक लागली आहे. नव्या विद्यापीठात जुने सगळे क्रेडिट धरले जातातच असे नाही आणि पदवी लांबत जाते. एकोणिसाव्या वर्षी हाती आलेल्या पैशाच्या बदल्यात पदवी गमावणे हा तोट्याचा सौदा आहे, आणि या वयाच्या मुलाला ते दिसत नाही. इथे पालकांनी मधे पडलेच पाहिजे.

डोक्याच्या दुखापतीबद्दल मी पालकांना खोटा दिलासा देणार नाही. डेमेरियस थॉमस ३३ व्या वर्षी गेला, व्हिन्सेंट जॅक्सन ३८ व्या. दोघेही नावाजलेले रिसीव्हर, आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत दोघांच्याही मेंदूत सीटीई हा आजार आढळला. तपासणीसाठी दान आलेले मेंदू बहुधा त्रास दिसलेल्यांचे असतात, त्यामुळे त्यावरून सरसकट प्रमाण काढता येत नाही. पण टॅकल फुटबॉलची वर्षे वाढतात तसा धोका वाढतो, हे बोस्टन विद्यापीठाच्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणून नववीपर्यंत मुलाला अंगाला न भिडता खेळायचा फ्लॅग फुटबॉल खेळू द्यावा. झेलणे, वळणे, बचाव वाचणे ही रिसीव्हरची सगळी कौशल्ये त्यात शिकता येतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनातच झाला. पुण्या-नाशिकच्या मुलांना या खेळाचे आकर्षण असेल तर त्यांच्यासाठीही हेच दार वास्तवातले आहे. परदेशी खेळाडूंसाठी एनएफएलची वेगळी योजना आहे, पण तिच्यातून आलेला वेल्सचा रग्बीपटू लुई रीस-झॅमिट दीड वर्ष धडपडून एकही अधिकृत सामना न खेळता रग्बीकडे परतला.

दहावी-अकरावीत कॉलेजांची पत्रे येऊ लागली की स्टेडियम, जर्सी आणि एनएफएलमध्ये गेलेल्यांची यादी दाखवली जाते. तेव्हा मुलाने नेमका कोणता विषय शिकायचा हे आधी ठरवा आणि त्या विषयाचे वर्ग सरावाच्या वेळेशी टक्कर घेतात का, ते विचारा. अनेक ठिकाणी अभियांत्रिकी किंवा विज्ञान घेऊ पाहणाऱ्या खेळाडूला हळूच सोप्या विषयाकडे वळवले जाते. गुडघा गेला तर शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत चालू राहील का, हे लेखी घ्या. खेळाडूंपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, याचे प्रत्येक विद्यापीठाचे आणि प्रत्येक खेळाचे आकडे एनसीएए दरवर्षी जाहीर करते. भेटीला जाण्यापूर्वी ते काढून ठेवा आणि प्रशिक्षकासमोर टेबलावर मांडा. त्यावर बोलायला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे मुलगा पाठवू नका.