सभाभीती आणि वक्तृत्ववर्ग

श्रोत्यांपुढे उभे राहताच छाती धडधडणे, घशाला कोरड पडणे, हाताला कंप सुटणे आणि तोंडपाठ असलेले वाक्य ऐनवेळी न आठवणे या अवस्थेला सभाभीती म्हणतात. संकटाशी झुंजण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीराला सज्ज करणाऱ्या अनुकंपी चेतासंस्थेला रोखलेल्या नजराही धोक्याच्या वाटतात, त्यामुळे अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. म्हणून ही लक्षणे दुबळेपणाची नसून निरोगी शरीराने अवेळी दिलेल्या प्रतिसादाची आहेत.

ही भीती वर्षानुवर्षे टिकते ती मुख्यतः टाळाटाळीमुळे. बोलण्याची संधी टाळली की तत्काळ सुटकेचा आनंद मिळतो, पण 'बोललो असतो तर फजितीच झाली असती' ही समजूत न तपासलेलीच राहते. बोलावेच लागले, तर लक्ष विषयावरून उडून स्वतःच्या थरथरत्या आवाजाकडे वळते आणि ती थरथर सर्वांना दिसत असणार असे वाटू लागते. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वक्त्याला वाटते त्याहून त्याची अस्वस्थता श्रोत्यांना कमी जाणवते असे आढळले. विशेष म्हणजे हे आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली.

वक्तृत्ववर्गाचा खरा लाभ येथे होतो. भीतीच्या प्रसंगाला पायरीपायरीने सामोरे जाणे हा मानसोपचारातील मान्य उपाय आहे, आणि चांगल्या वर्गात तोच घडतो: प्रथम बसल्या जागी परिचय, मग दोन मिनिटांचे निवेदन, पुढे अनोळखी श्रोत्यांसमोर भाषण. त्यामुळे वर्ग निवडताना प्रत्येकाला दर वेळी बोलायला मिळते का, हे आधी पाहावे. केवळ हावभाव, आवाजाचे चढउतार आणि पाठांतर घोटून घेणारे वर्ग भित्र्या विद्यार्थ्याचे लक्ष पुन्हा स्वतःकडेच वळवतात. शालेय वक्तृत्वस्पर्धांच्या तयारीतही हा दोष आढळतो, आणि चुकलेल्या मुलाला हसणारा वर्ग तर सरळ अपायकारक ठरतो. कागदावरून मान न उचलणे किंवा घाईघाईने भाषण उरकणे हीसुद्धा टाळाटाळच असल्याने सरावात ती हळूहळू सोडावी. मुद्दे लक्षात ठेवावेत, वाक्ये नव्हे.

भाषणापूर्वी सावकाश, लांब उच्छ्वास सोडावा आणि जादा चहा-कॉफी टाळावी. प्रोप्रानोलॉल हे हृदयाची धडधड कमी करणारे औषध काही रुग्णांना दिले जाते, परंतु दम्याच्या रुग्णाला ते धोकादायक असल्याने मित्राच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नये.

भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून शिक्षण, नोकरी वा भेटीगाठी बंद पाडू लागली, किंवा धीर येण्यासाठी दारूचा आधार घेतला जाऊ लागला, तर वर्गावर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जवळपास तज्ज्ञ नसल्यास केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.