‘अनुसरणें’ : एक शब्दविचार

आपल्या ग्रंथांतील जे शब्द आजच्या मराठीतही रूढ आहेत, तेच वाचकाला अधिक फसवितात. अपरिचित शब्दापाशी तो थांबतो. परिचित शब्दावरून सरळ पुढे जातो. ‘अनुसरणें’ हे क्रियापद अशांपैकीच होय.

आज आपण ‘त्याने हा मार्ग अनुसरला’ असे म्हणतो. येथे क्रियापद सकर्मक आहे. कर्ता तृतीयेत, आणि रूप चालते ते ‘मार्ग’ या कर्माप्रमाणे. लीळाचरित्र व स्मृतिस्थळ यांत मात्र ‘तो अनुसरला’, ‘ती अनुसरली’ असा प्रयोग आढळतो. कर्ता प्रथमेत आहे. काय अनुसरले, हे निराळे सांगावे लागत नाही. घरदार, स्वजन, स्वदेश यांचा त्याग करून परमेश्वराला शरण जाणे, हाच त्या एका शब्दाचा अर्थ. आज आपण ज्याला संन्यास घेणे म्हणतो, ते हेच.

म्हणून ‘अमका अनुसरला’ याचा अर्थ ‘त्याला उपदेश पटला’ असा लावू नये. पटणे हा बोधाचा भाग. वेध, बोध आणि अनुसरण हा क्रम अभ्यासकांस ठाऊकच आहे. त्याच्या पायऱ्या एक करून टाकल्या, तर चरित्रे वाचताना घोटाळा होतो. म्हाइंभटांचेच पाहावे. सर्वज्ञांशी वाद करण्याच्या ईर्ष्येने आलेला हा विद्वान निरुत्तर झाला, त्याला बोधही झाला. पण तो अनुसरला तो पुढे. ज्ञान पटल्यापासून पाऊल उचलेपर्यंत जो काळ गेला, तो या एका क्रियापदाच्या अचूक अर्थावाचून दिसतच नाही.

धातू पाहिला तर ‘सृ’ म्हणजे जाणे, ‘अनु’ म्हणजे मागोमाग. सन्निधानात हे अक्षरशः घडत होते : स्वामी पुढे, भक्तजन मागे. परंतु स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यांच्या काळी जे आले, त्यांच्याविषयीही स्मृतिस्थळ हेच क्रियापद वापरते. पुढे चालणारी मूर्ती डोळ्यांस दिसत नव्हती. तरी ‘अनु’ गळला नाही. असन्निधानी मागोमाग जाणे ते आचाराने आणि स्मरणाने, हे येथे व्याकरणच सांगते.

वासनिकाची श्रद्धा कितीही दृढ असो, ग्रंथ त्याला अनुसरलेला म्हणत नाहीत. ‘आम्ही पंथ अनुसरतो’ हे आजच्या बोलीत शुद्धच आहे; पोथी वाचताना मात्र गृहस्थाने तो अर्थ तेथे नेऊ नये.