पहिला नग नव्हे, दहा हजारावा

अंबड एमआयडीसीत मामांचं गॅरेज आहे. भाची तिथल्याच एका कारखान्यात सुटे भाग तपासते. पहिली पाळी सुटल्यावर शोरूमचं दरपत्रक घेऊन ती थेट गॅरेजवर आली.

भाची : मामा, परवडेल अशी एक छोटी गाडी सांगा. थाटमाट नको, फक्त रस्त्यात दगा द्यायला नको.

मामा : आधी तू मला सांग. मशीनवरून पहिला नग उतरला, मापात बसला, की सगळा लॉट पास करतेस का?

भाची : छे! पहिल्या नगावरून सेटिंग बरोबर आहे एवढंच कळतं. पुढे टूल झिजतं, माप सरकतं. म्हणून मध्येमध्ये नग उचलून गेज लावावा लागतो.

मामा : गाडीचंही तेच आहे. शोरूममधून मारलेली चक्कर म्हणजे पहिला नग. भरवसा कळतो दहा हजाराव्या नगावर, म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर पळालेल्या गाडीवर. म्हणून अगदी नवं मॉडेल पहिल्याच वर्षी घेऊ नये. वॅगनआर १९९९ पासून, अल्टो २००० पासून, टियागो २०१६ पासून रस्त्यावर आहेत. त्यांचं काय आणि कधी बिघडतं, हे सिडकोतल्या कुठल्याही मिस्त्रीला पाठ असतं.

भाची : पण मजबूत गाडी असेल तर ती भरवशाची असणारच ना?

मामा : तेवढ्यानं भागत नाही. आपल्या सातपूरला महिंद्राच्या कारखान्यात रेनोच्या भागीदारीत लोगान बनायची. २००७ साली बाजारात आली. ऐसपैस, दणकट, खड्ड्यांना न जुमानणारी. पण लांबी जवळजवळ सव्वाचार मीटर! २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारनं चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं होतं, ती सवलत हिला मिळाली नाही. खप बेताचाच राहिला. २०१० मध्ये भागीदारी सुटली, मग तिचं नाव व्हेरिटो झालं. २०१३ मध्ये शेपूट छाटून चार मीटरच्या आत बसवलेली व्हेरिटो व्हाइबही आली. आज यातलं काहीच बनत नाही. गाडी चांगली होती, मला अजून आवडते. पण भरवसा म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. जो भाग हवा तो त्याच दिवशी मिळणं, तो बसवणारा हात जवळ असणं, हेही त्यात आलं.

भाची : चार मीटरची ती मर्यादा अजून आहे?

मामा : आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन बाराशे सीसीपर्यंत, अशा गाड्यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरी दरपत्रकातली पहिली ओळ वाचून थांबू नकोस. आरटीओचा कर आणि विमा धरून ऑन-रोड किंमत लेखी माग. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. मात्र विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असं नाही. बाहेर दोन ठिकाणी विचार.

भाची : सीएनजी घ्यावी का? कारखान्यात सगळे तेच म्हणतात.

मामा : तुझं महिन्याचं रनिंग किती?

भाची : घर ते कारखाना चार किलोमीटर. शिवाय महिन्यातून दोनदा गावी जाणं. सगळं मिळून पाचशे.

मामा : मग हिशेब मांड. सीएनजीला किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात आणि गाडी नव्वद हजारांनी महाग पडते, असं धरू. वरचे पैसे फिटायला पंचेचाळीस हजार किलोमीटर लागतील. वर्षाला सहा हजार चालवणारीला साडेसात वर्षं. महिन्याला दीड हजार चालवणाऱ्याला मात्र अडीचच. त्याच्यासाठी सीएनजी, तुझ्यासाठी साधी पेट्रोल. शिवाय टाकीमुळे डिकीतली जागा जाते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते.

भाची : आणि सुरक्षितता? गावी जाताना मुंबई-आग्रा महामार्ग आहेच.

मामा : म्हणूनच ॲव्हरेजच्या आधी ते बघ. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, अल्टो के-१० ला २०२३ मध्ये दोन. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅपही सुरू झाली आहे. मात्र तारे मिळतात ते चाचणी झालेल्या मॉडेलला. तू घेणार त्या वर्षाच्या गाडीत एअरबॅग किती, एबीएस आहे का, हे वेगळं तपास. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा.

भाची : खरं सांगू? नव्या गाडीचा हप्ता झेपेल असं वाटत नाही. ओळखीतली पाच वर्षांची एक गाडी विकायची आहे.

मामा : मग तुझं कामच कामी येईल. दारं, बोनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघ. एखादी फट रुंद दिसली की तिथे ठोकाठोक झालेली असू शकते. टायरवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. मीटर म्हणतं वीस हजार आणि ब्रेकचं पेडल, स्टिअरिंग झिजून गुळगुळीत, तर मीटरवर विश्वास ठेवू नकोस. सर्व्हिसिंगच्या नोंदी माग.

भाची : आणि कागद?

मामा : आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, ते आधी पाहा. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. थकलेले ई-चलान तपास. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी आरटीओत तुझ्या नावावर होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नकोस. आणि सगळे पैसे गाडीत घालू नकोस. टायर, बॅटरी, पहिल्या सर्व्हिसिंगसाठी थोडे बाजूला ठेव.

भाची : तुम्ही बघायला याल?

मामा : रविवारी सकाळी सातला जाऊ. गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते, धूर कोणत्या रंगाचा येतो, ते मला स्वतः पाहायचं आहे. मालकाला आजच फोन कर. म्हणावं, आम्ही येईपर्यंत चावी फिरवू नका.